बोस्टनचं ट्रिनिटी चर्च: रेक्टर, व्हेस्ट्री आणि बाकांचे मालक

प्रश्न असा आला होता: पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेतल्या कामाबद्दल वाचताना फिलिप्स ब्रूक्स हे नाव भेटलं. ते बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे रेक्टर होते, एवढंच कळलं. हे चर्च कोणतं, ब्रूक्स कोण, आणि एखाद्या शहरी चर्चचा इतिहास लिहायचा झाला तर तो धर्मगुरूंच्या क्रमानं लिहावा का? विचारणाऱ्यांना स्वतःच्या मंडळीचा इतिहास लिहायचा आहे.

जुन्या चर्चांची दप्तरं वाचणं, लावणं आणि त्यांवर लिहिणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. ट्रिनिटीबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. धर्मगुरूंच्या क्रमानं लिहिता येतं, बहुतेक जण तसंच लिहितात, पण त्यातून चर्च चालत कसं होतं ते कळत नाही. पैसे कुणी दिले, बाक कुणाचे होते आणि जमीन कुठली होती, हे रेक्टरांच्या नावांशेजारी मांडलं की मगच त्या नावांना अर्थ येतो. ट्रिनिटीच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

आधी रचना समजून घेऊ. एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च. मुंबईत १७१८ साली उपासनेसाठी उघडलेलं सेंट थॉमस ज्या परंपरेतलं, तीच ही परंपरा: बिशप, प्रार्थनापुस्तक, ठरलेला उपासनाक्रम. अमेरिकेच्या क्रांतीनंतर इंग्लंडच्या राजाशी असलेलं नातं तुटलं आणि हे चर्च स्वतंत्र झालं. एका ठिकाणची मंडळी म्हणजे पॅरिश आणि तिचा मुख्य धर्मगुरू म्हणजे रेक्टर. मंडळीतून निवडून आलेलं कार्यकारी मंडळ म्हणजे व्हेस्ट्री, आणि तिच्या शिरावर दोन वॉर्डन. रेक्टरला बोलावणं व्हेस्ट्री पाठवते आणि त्याचा पगारही तीच ठरवते. आपल्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात धर्मप्रांत पाळकांच्या बदल्या करतो. तिथे रेक्टर एकदा आला की वीस-तीस वर्षं राहू शकतो. त्यामुळे व्हेस्ट्री आणि रेक्टर यांचा संबंध जवळजवळ संसारासारखा लांबतो, आणि इतिहासातल्या बऱ्याचशा गोष्टी त्या संबंधातून घडतात.

ट्रिनिटीची स्थापना १७३३ ची. बोस्टन हे प्युरिटनांनी वसवलेलं शहर. इंग्लंडच्या चर्चला कंटाळून समुद्र ओलांडलेल्या माणसांच्या शहरात अँग्लिकन चर्चला पाय रोवायला वेळ लागला. किंग्ज चॅपल १६८६ मध्ये आलं, क्राइस्ट चर्च १७२३ मध्ये. किंग्ज चॅपलमध्ये जागा पुरेना म्हणून हे तिसरं चर्च काढायचं ठरलं. समर स्ट्रीटवर शिखर नसलेली साधी लाकडी इमारत उभी राहिली आणि १७३५ मध्ये तिथे उपासना सुरू झाली. बाहेरून बघणाऱ्याला ते गोदाम वाटलं असतं. आतला थाट मात्र श्रीमंत व्यापाऱ्यांचा होता.

आता बाक. चर्चला सरकारी मदत नव्हती, म्हणून बांधकामाचा आणि पुढच्या खर्चाचा पैसा बाकांमधून उभा राहिला. बाक विकत घेणाऱ्याला खरेदीखत मिळे. तो बाक वारसाहक्कानं मुलांकडे जाई, विकता येई, आणि चर्चच्या खर्चासाठी त्याच्यावर पट्टी बसे. पट्टी फार थकली तर बाक काढून घेऊन पुन्हा विकला जाई. ईस्टरनंतरच्या सोमवारी बाकमालकांची सभा भरे आणि तीत वॉर्डन आणि व्हेस्ट्री निवडली जाई. म्हणजे मत बाकाला होतं. आपल्या गावांत पालखीचा मान जसा घराण्याकडे चालत येतो, तसा तो बाक घराण्याचा असे. अशा जुन्या चर्चच्या दप्तरात बाकांचा नकाशा मिळाला तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो वाचते. मधल्या वाटेवरचे बाक कुणाचे, भिंतीकडेचे कुणाचे, जिन्याखालचे आणि मागचे कुणाचे, यावरून शहराची उतरंड समोर येते. कोणत्याही प्रवचनातून ती इतकी स्पष्ट होत नाही.

पहिले रेक्टर ॲडिंग्टन डेव्हनपोर्ट १७४० मध्ये किंग्ज चॅपलमधून आले. त्यांचे मेहुणे पीटर फॅन्युअल, ज्यांच्या नावाचं सभागृह बोस्टनमध्ये आजही पर्यटक बघतात. फॅन्युअल या मंडळीतले. त्यांच्या संपत्तीचा एक भाग गुलामांच्या व्यापारातून आलेला होता, आणि या चर्चमध्ये असे ते एकटे नव्हते. अठराव्या शतकातल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदींत गुलाम माणसं येतात ती केवळ पहिल्या नावानं, आणि पुढे मालकाचं नाव. एका ओळीची नोंद. त्या माणसाबद्दल दुसरीकडे कुठेही एक अक्षर नसतं, त्यामुळे ती ओळ कधीही गाळू नये, इतिहास कितीही आटोपशीर लिहायचा असला तरी. चर्चचा पैसा आणि ती ओळ एकाच दप्तरात आहेत, आणि लिहितानाही ती एकाच पानावर यायला हवीत.

डेव्हनपोर्टनंतर विल्यम हूपर. हे मूळचे स्कॉटिश, आणि बोस्टनमधल्याच वेस्ट चर्च या काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप न मानता आपला कारभार आपणच बघणाऱ्या, मंडळीचे पाळक. १७४६ मध्ये त्यांनी ती मंडळी अचानक सोडली आणि अँग्लिकन दीक्षेसाठी थेट इंग्लंडची वाट धरली. इंग्लंडच का, तर अमेरिकेत बिशप नव्हता. क्रांतीपूर्वी इथल्या प्रत्येक इच्छुक धर्मगुरूला दीक्षेसाठी अटलांटिक ओलांडावा लागे. खर्च मोठा आणि धोका जिवाचा. चर्च वसाहतीतलं आणि अधिकार लंडनला, ही ओढाताण तिथेच सुरू झाली होती. हूपर १७४७ पासून १७६७ मध्ये मरेपर्यंत रेक्टर राहिले. त्यांच्याच नावाच्या मुलानं पुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या वतीनं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली.

हूपरनंतरचे रेक्टर विल्यम वॉल्टर राजनिष्ठ. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिश फौजेनं बोस्टन सोडलं, त्यांच्याबरोबर तेही गेले. मागे राहिले साहाय्यक सॅम्युएल पार्कर, लंडनला दीक्षा घेऊन जेमतेम दोन वर्षांपूर्वी परतलेले. १८ जुलै १७७६ ला बोस्टनच्या स्टेट हाउसच्या गॅलरीतून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्यानंतरची व्हेस्ट्रीची बैठक मला या चर्चच्या संपूर्ण दप्तरातली सगळ्यात महत्त्वाची बैठक वाटते.

पेच असा होता. प्रार्थनापुस्तकात राजासाठी ठरलेल्या प्रार्थना आहेत आणि त्या गाळणार नाही हे दीक्षेच्या वेळच्या शपथेत बांधलेलं आहे. त्या वाचाव्यात तर शहर खवळलेलं. गाळाव्यात तर शपथ मोडते. आणि दार लावून घ्यावं तर मंडळीच संपते. पार्करनी आपल्या मनानं काही केलं नाही. त्यांनी प्रश्न व्हेस्ट्रीपुढे ठेवला आणि या प्रार्थना आता सुरक्षितपणे वाचता येणार नाहीत हे स्पष्ट सांगितलं. व्हेस्ट्रीनं विचार केला आणि राजाशी संबंधित प्रार्थना वगळून उपासना चालू ठेवण्याचा निर्णय दिला. हे सगळं दप्तरात नोंदलेलं आहे.

बाकीच्या दोन चर्चांचं काय झालं ते बघितलं की या निर्णयाचं वजन कळतं. किंग्ज चॅपलचे हेन्री केनर फौजेबरोबर गेले, जाताना प्रभुभोजनाची चांदीची भांडीही घेऊन गेले. क्राइस्ट चर्चचे धर्मगुरूही शहर सोडून गेले. बोस्टनमध्ये अखंड उघडं राहिलेलं अँग्लिकन चर्च ट्रिनिटी हे एकच. किंग्ज चॅपल पुढे युनिटेरियन विचाराकडे, म्हणजे देव एकच आणि त्रैक्य नाही या मताकडे, वळलं, म्हणजे शहरातलं पहिलं अँग्लिकन चर्च त्या परंपरेतून बाहेरच पडलं. पार्कर १७७९ मध्ये रीतसर रेक्टर झाले, पंचवीस वर्षं राहिले, आणि स्वतंत्र अमेरिकेत विखुरलेल्या एपिस्कोपल मंडळ्यांना एकत्र आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८०४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वारले. बिशप म्हणून काम करायला त्यांना वेळच मिळाला नाही.

ट्रिनिटीचं नाव काढलं की सगळे ब्रूक्सचं नाव घेतात. माझं मत वेगळं आहे. ब्रूक्सनी ट्रिनिटीला मोठं केलं, पण मोठं करायला चर्च शिल्लक होतं ते पार्करमुळे. आणि पार्करनी ते राखलं ते एकट्याच्या धाडसावर नाही, व्हेस्ट्रीला जबाबदारीत ओढून.

मधल्या काळातून भरभर पुढे जाते. जॉन सिल्व्हेस्टर गार्डिनर १८०५ ते १८३० रेक्टर होते, वाङ्मयाचा नाद असलेले. त्यांच्या काळात जुनी लाकडी इमारत पाडून समर स्ट्रीटवरच १८२९ मध्ये ग्रॅनाइटची गॉथिक वास्तू झाली. त्यानंतरचे डोन आणि वेनराइट थोडीथोडी वर्षं राहून पुढे दुसऱ्या प्रांतांत बिशप झाले. मॅन्टन ईस्टबर्न तर एकाच वेळी मॅसॅच्युसेट्सचे बिशप आणि ट्रिनिटीचे रेक्टर. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि मतांचे पक्के. बिशपच रेक्टर असला की व्हेस्ट्रीला दाद मागायला वरचं दार उरत नाही. शिवाय समर स्ट्रीटवर दुकानं आणि वखारी येत चालल्या होत्या, घरं हटत होती. १८६८ मध्ये व्हेस्ट्रीनं फिलाडेल्फियाच्या होली ट्रिनिटी चर्चमधल्या तरुण रेक्टरला बोलावलं. त्यांनी आधी नकार दिला. पुन्हा विचारणा झाली आणि १८६९ मध्ये फिलिप्स ब्रूक्स आले.

ब्रूक्स बोस्टनचेच, जन्म १८३५ चा. हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर बोस्टन लॅटिन या शाळेत शिकवायला लागले आणि वर्ग अजिबात सांभाळता आला नाही म्हणून काही महिन्यांत बाहेर पडले. मग व्हर्जिनियातल्या धर्मविद्यालयात शिक्षण. तिथे त्यांनी गुलामगिरी जवळून पाहिली. फिलाडेल्फियात यादवी युद्धाच्या काळात त्यांनी गुलामगिरीविरुद्ध उघड भूमिका घेतली, आणि युद्धानंतर काळ्या लोकांच्या मताधिकारासाठी आणि शहरातल्या ट्रामगाड्यांत बसण्याच्या त्यांच्या हक्कासाठी बोलत राहिले. त्यांचं बेथलेहेमवरचं गीत, जे आपल्याकडच्या चर्चांतही नाताळात गायलं जातं, ते १८६८ चं. तीन वर्षांपूर्वी ते पॅलेस्टाइनला जाऊन आले होते.

माणूस सहा फूट चार इंच उंच, आणि बोलण्याचा वेग मिनिटाला दोनशेच्या आसपास शब्द. लघुलेखकांची तारांबळ उडे. प्रवचन म्हणजे व्यक्तिमत्त्वातून वाहणारं सत्य, असं त्यांनी येल विद्यापीठातल्या १८७७ च्या व्याख्यानांत मांडलं. त्यांची प्रवचनं आज वाचताना मला युक्तिवाद कधी कधी सैल वाटतो. पण ऐकणाऱ्याला कमी लेखणारं वाक्य त्यांत सापडत नाही, आणि माणसं एवढी का लोटत होती ते तिथे समजतं.

आता जमीन. बोस्टनचा बॅक बे हा भाग मुळात भरती-ओहोटीची दलदल. १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून नीडहॅमहून रेल्वेनं खडी आणून तो भरला जात होता आणि पैसेवाली कुटुंबं तिकडे सरकत होती. ब्रूक्सनी व्हेस्ट्रीला तिकडे जायला राजी केलं. १८७२ च्या सुरुवातीला जागा घेतली, सहा वास्तुविशारदांकडून आराखडे मागवले आणि हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांचा आराखडा निवडला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला संध्याकाळी समर स्ट्रीटवरच आग लागली. पासष्ट एकर शहर आणि ७७६ इमारती जळाल्या. रविवारच्या पहाटे जुनं ट्रिनिटी त्यात गेलं. मग चारहून अधिक वर्षं ही मंडळी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या हंटिंग्टन हॉलमध्ये उपासना करत होती, कारण ती संस्था तेव्हा बॅक बेमध्येच होती. सभागृहात बाकांची मालकी नव्हती, जो येईल तो बसे. ब्रूक्सना ती मोकळीक मनापासून आवडली होती.

नव्या इमारतीबद्दल एकच तपशील निवडायचा तर मी खाली जमिनीत जाईन. भरावाखाली चिखल आणि त्याखाली चिकणमाती. तिथे सुमारे साडेचार हजार लाकडी खांब ठोकले. त्यांवर मधल्या मनोऱ्यासाठी ग्रॅनाइटचे चार पिरॅमिड रचले, तळाशी पस्तीस फूट चौरस, उंची सतरा फूट, आणि त्यांवर मनोऱ्याचे खांब. लाकूड सतत पाण्याखाली राहिलं तर शतकानुशतकं टिकतं, पाणी उतरून हवा लागली की कुजतं. म्हणजे या चर्चची तब्येत भूजलाच्या पातळीवर अवलंबून आहे. ही भीती पुस्तकी नाही. चौकापलीकडच्या सार्वजनिक ग्रंथालयाखालचे खांब १९२९ मध्ये कुजलेले सापडले होते. दप्तरात भूजलाच्या नोंदी दिसल्या तर त्या बांधकाम खात्याच्या कागदांबरोबर बाजूला टाकू नका, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

आतली चित्रं जॉन ला फार्ज यांची. १८७६ च्या शरद ऋतूत काम हाती आलं आणि फेब्रुवारीत उद्घाटन. बांधकाम चालू, खिडक्या अर्धवट, हिवाळा कडक, आणि पराचीवर चढून साहाय्यकांसह भिंती रंगवायच्या. त्या साहाय्यकांत तरुण ऑगस्टस सेंट-गॉडन्स होते, जे पुढे अमेरिकेतले नामवंत शिल्पकार झाले. आतला गडद लाल रंग ब्रूक्सना हवा होता. आराखडा ग्रीक क्रॉसचा, आखूड आणि रुंद, त्यामुळे बोलणारा माणूस सगळ्यांना जवळ वाटतो. ९ फेब्रुवारी १८७७ ला चर्चचं समर्पण झालं. त्या दिवशी युनिटेरियन पाळकांनाही प्रभुभोजन दिलं गेलं, त्यावरून कडक मतांच्या एपिस्कोपलियनांनी बराच गदारोळ केला.

आणि बाक? नव्या चर्चमध्येही ते मालकीचेच राहिले. ब्रूक्सनी आग्रह धरला तो सज्ज्यांसाठी, आणि सज्जे सगळ्यांना मोफत खुले झाले. म्हणजे अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय उपदेशकही व्हेस्ट्रीकडून एवढंच मिळवू शकला. याच काळात न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये काय झालं ते शेजारी ठेवून बघा. १८८३ मध्ये त्या डबघाईला आलेल्या चर्चनं विल्यम रेन्सफर्डना बोलावलं. त्यांनी अटी घातल्या: सगळे बाक मोफत, व्हेस्ट्री सोडून सगळ्या समित्या बरखास्त, आणि कामासाठी तीन वर्षं दरसाल दहा हजार डॉलर. व्हेस्ट्रीत बँकर जे. पी. मॉर्गन होते. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. त्याच चर्चमध्ये १८९४ पासून हॅरी बर्ली हा काळा गायक एकल गायनासाठी नेमला गेला. काही सभासदांच्या विरोधाला न जुमानता मॉर्गन त्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि बर्ली बावन्न वर्षं तिथे गायले. संकटातल्या मंडळीकडून रेक्टर जे मिळवू शकतो ते भरभराटीतल्या मंडळीकडून मिळत नाही. ट्रिनिटी भरभराटीत होतं.

आता रमाबाई. १८८२-८३ च्या हिवाळ्यात ब्रूक्स सुट्टी घेऊन हिंदुस्थानात आले होते. मुंबईत उतरले आणि उत्तरेत बरंच फिरले. त्यानंतर तीन वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, रमाबाई फिलाडेल्फियाला पोचल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा तर संघटना हवी, म्हणून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. दहा वर्षं मदत करण्याचं आश्वासन होतं. अध्यक्ष युनिटेरियन पाळक एडवर्ड एव्हरेट हेल. उपाध्यक्षांत ब्रूक्स, जॉर्ज गॉर्डन, दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड आणि आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली. हे गॉर्डन ओल्ड साउथ या काँग्रिगेशनल चर्चचे पाळक, आणि ते चर्च ट्रिनिटीच्याच चौकात आहे.

या नावांची जुळणी नीट बघा. समर्पणाच्या दिवशी युनिटेरियनांना प्रभुभोजन दिलं म्हणून ज्यांच्यावर टीका झाली ते ब्रूक्स इथे युनिटेरियन अध्यक्षाच्या हाताखाली उपाध्यक्ष आहेत. तीन पंथांचे पाळक एकत्र आल्यावर शाळेत कोणत्याही एका पंथाची शिकवण सक्तीची करणं शक्यच नव्हतं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते धार्मिक बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर. ही अट घालण्यामागे हिंदू पालकांचा विश्वास हा विचार होताच, पण बोस्टनच्या त्या मंडळाची घडणही त्यात होती असं मला ठामपणे वाटतं. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे. १८९३ मध्ये पुण्यात मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तेव्हा ब्रूक्स हयात नव्हते.

१८९१ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सचे बिशप निवडले गेले. त्यांच्या उदार मतांवरून विरोध झाला, इतर बिशपांची आणि प्रांतांची संमती येईपर्यंत वर्तमानपत्रांत रोज चर्चा. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीतच त्यांचा अभिषेक झाला, आणि २३ जानेवारी १८९३ ला ते वारले. सव्वा वर्षाचा बिशपपणा. अंत्यविधीला इतकी गर्दी झाली की आतली उपासना संपल्यावर बाहेर चौकात दुसरी घ्यावी लागली आणि शवपेटी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी खांद्यावर वाहिली. त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या छोट्या हेलन केलरच्या धाकट्या भावाचं नाव फिलिप्स ब्रूक्स ठेवलं होतं.

नंतरच्या रेक्टरांची अडचण समजण्यासारखी आहे. विंचेस्टर डोनल्ड १८९२ मध्ये आले आणि १९०४ पर्यंत त्यांनी मोठ्या शांतपणे काम चालवलं. पश्चिमेकडची कमानदार देवडी त्यांच्या काळात, १८९७ मध्ये पुरी झाली. ब्रूक्सच्या सावलीत राहून चर्च टिकवणारा हा माणूस इतिहासात दोन ओळींत आटपला जातो, ते मला पटत नाही. हेन्री नॉक्स शेरिल १९२३ ते १९३० रेक्टर होते, मग बिशप, आणि १९४७ पासून संपूर्ण एपिस्कोपल चर्चचे प्रमुख बिशप. थिओडोर पार्कर फेरिस १९४२ पासून तीस वर्षं. एपिस्कोपल चर्चनं स्त्रियांना धर्मगुरुपद १९७६ मध्ये अधिकृत केलं, आणि ट्रिनिटीत ॲन बॉनीमन या पहिल्या स्त्री रेक्टर २००६ मध्ये आल्या. मधे तीस वर्षं गेली. या तीस वर्षांचा खुलासा रेक्टरांच्या यादीत मिळत नाही. तो व्हेस्ट्रीच्या आणि निवड समित्यांच्या कागदांत शोधावा लागतो.

फेरिस यांच्या शेवटच्या वर्षांत शेजारी जॉन हॅनकॉक टॉवरचा पाया खणला गेला. साठ मजली काचेची इमारत. खड्ड्याच्या आधारभिंती आत झुकल्या, आजूबाजूची जमीन हलली आणि ट्रिनिटीच्या पायाला आणि भिंतींना तडे गेले. चर्चनं टॉवर बांधणाऱ्या जॉन हॅनकॉक विमा कंपनीवर दावा लावला. १९८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल चर्चच्या बाजूनं कायम केला. व्याजासह भरपाई एक कोटी दहा लाख डॉलरच्या वर गेली. जुनी वास्तू एकदम पडत नाही, तिचं आयुष्य थोडंथोडं खर्ची पडतं, आणि त्या खर्चाची भरपाई मागता येते, असा युक्तिवाद तिथे मान्य झाला. वास्तुसंवर्धनाचं काम करणाऱ्या कुणीही हा खटला वाचावा. आज त्या काचेत ट्रिनिटीचं प्रतिबिंब पडतं आणि सगळे त्याचे फोटो काढतात. मला तिथे उभं राहिलं की खालचे खांब आठवतात.

तुमच्या स्वतःच्या मंडळीच्या इतिहासाबद्दल आता. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांत पाळकांखेरीज इतर माणसं भेटतात. ब्रिटिश काळातली अँग्लिकन मंडळी असेल तर मुंबई इलाख्यातल्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इथली वही वाळवीनं खाल्ली असली तरी तिथे नोंद सापडू शकते. मग समितीची इतिवृत्तं. ती वाचताना ठरावापेक्षा ठरावाला कोण हजर होतं ते आधी टिपा. आपल्याकडच्या मिशनच्या मंडळ्यांत बाकांची मालकी फारशी नव्हती, पण कोण कुठे बसायचं हा प्रश्न होताच: बाई-पुरुष, गोरे-देशी, आणि वेगवेगळ्या जातींतून आलेली कुटुंबं. त्याबद्दल कागदावर कमी असतं, म्हणून मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि नाव घेऊन विचारा, कोणतं कुटुंब कुठे बसे. जमिनीचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा. धर्मगुरूंची यादी सगळ्यात शेवटी करा.

आणि रमाबाईंचा धागा पुढे न्यायचा असेल तर असोसिएशनचे छापील वार्षिक अहवाल बघा. वेगवेगळ्या गावांतल्या रमाबाई सर्कलांनी, म्हणजे स्थानिक मदत-गटांनी, पाठवलेली वर्गणी त्यांत नोंदलेली आहे. ब्रूक्ससारखी नावं पहिल्या पानावर आहेत. पैसे आले ते मागच्या पानांवरच्या बायकांकडून, आणि त्यांच्यावर मराठीत अजून फारसं कुणी लिहिलेलं नाही.